खेळण्यांची फेरी आणि पेट्रोलचा हिशेब

शनिवार-रविवारी महामार्गावरून वीस-पंचवीस मोटारसायकली एकामागून एक जाताना हल्ली आपल्याकडेही दिसू लागल्या आहेत. पुढच्या गाडीला झेंडा, मागच्या गाड्यांना दोरीने बांधलेली खोकी, कुणाच्या पाठीवर वह्यांची पिशवी, तर कुणाच्या टाकीवर कापडी अस्वल. चौकशी केली तर कळते की ही मंडळी कुठल्यातरी आश्रमशाळेत, बालगृहात किंवा वसतिगृहात मुलांच्या कार्यक्रमाला निघाली आहेत. आपल्या विद्यार्थी सभासदांनीही असाच एक प्रस्ताव सभेपुढे ठेवला होता. त्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी सरळ विचारले, "बाबांनो, पेट्रोलला जो पैसा घालवणार, तोच त्या मुलांच्या खात्यावर का पाठवत नाही?" सभेत हशा झाला आणि विषय पुढे ढकलला गेला. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमची उभी नोकरी बँकेच्या खिडकीमागे गेलेली असल्यामुळे असा प्रश्न कानावर पडला की आम्हांस आधी हिशेब सुचतो. तेव्हा हा प्रकार मुळात काय आहे, तो कोठून आला, त्यातला पैसा कसा फिरतो आणि मुलांच्या पदरात काय पडते, हे सभासद बंधुभगिनींपुढे आणि विशेषतः विद्यार्थी मित्रांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

इंग्रजी मुलखात या प्रकाराला 'टॉय रन' म्हणतात. आपण खेळण्यांची फेरी म्हणू. तिचे मूळ शोधू गेल्यास आपण मोटारसायकलीपाशी नव्हे, तर एका चिंध्यांच्या बाहुलीपाशी येऊन पोहोचतो. १९४७ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे डायन हेंड्रिक्स या बाईंनी हाताने बाहुली तयार केली आणि नाताळात गरीब मुलांना खेळणी देणाऱ्या एखाद्या संस्थेकडे ती पोचवावी, म्हणून नवऱ्याच्या हाती दिली. नवरा बिल हेंड्रिक्स हा मरीन दलाच्या राखीव तुकडीत मेजर होता आणि एरवी वॉर्नर ब्रदर्स या चित्रपट कंपनीत प्रसिद्धीचे काम पाही. त्याने चौकशी केली, पण अशी संस्था काही सापडेना. तेव्हा बाईंनी सांगितले की, मग तुम्हीच एक काढा. त्या वर्षी त्याने आणि त्याच्या राखीव सैनिकांनी ५,००० खेळणी जमवून वाटली. दुसऱ्याच वर्षी, १९४८ मध्ये, मरीन दलाने ही मोहीम देशभर नेली. 'टॉइज फॉर टॉट्स' हे तिचे नाव. तिचे बोधचिन्ह वॉल्ट डिस्ने यांनी काढून दिले.

राखीव सैनिक म्हणजे आठवडाभर आपापल्या नोकरीधंद्यात असणारे आणि ठरलेल्या शनिवार-रविवारी कवायतीला येणारे लोक. सुरुवातीची तीस-बत्तीस वर्षे लोक आपल्या घरातील जुनी खेळणी आणून देत आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात हे सैनिक कवायतीच्या दिवशी ती दुरुस्त करीत. मोडलेले चाक बसव, उडालेला रंग दे, बाहुलीचा हात शिव, अशी कामे चालत. ऐकायला किती छान वाटते! परंतु १९८० साली त्यांनी ही पद्धत बंद केली आणि फक्त नवी कोरी, वेष्टनातील खेळणीच स्वीकारायची असे ठरविले. कारणे तीन होती. सैनिकांच्या प्रशिक्षणाचा भार वाढल्यामुळे दुरुस्तीला वेळ मिळेना. सदोष खेळण्याने एखाद्या मुलाला इजा झाली तर कायद्याने जबाबदार कोण, हा दुसरा प्रश्न होता. आणि तिसरे कारण आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. मुलाला आशा वाटावी म्हणून भेट द्यायची आणि ती दुसऱ्याने वापरून टाकलेली द्यायची, यातून मुलापर्यंत भलताच निरोप जातो, हे त्यांच्या लक्षात आले.

हे तिसरे कारण आपल्या वाचकांना समजावून सांगावे लागेल असे आम्हांस वाटत नाही. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी शिळ्यापाक्या तुकड्यांवर जगणे सोडा असे सांगितले होते, ते केवळ पोटाच्या आरोग्यासाठी नव्हते. उतरलेला सदरा अंगात घालून शाळेत गेलेल्या माणसाला त्या सदऱ्याचा मूळ मालक वर्गात समोर बसलेला असतो म्हणजे काय, हे ठाऊक असते.

आता मोटारसायकलवाले यात कसे आले, ते पाहू. योगायोग असा की, ज्या १९४७ साली ती बाहुली निघाली, त्याच वर्षी ४ जुलैच्या सुट्टीत कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर या लहानशा गावात मोटारसायकलस्वारांचा मेळावा भरला होता. गर्दी आवाक्याबाहेर गेली, दारू आणि हाणामाऱ्या झाल्या. वर्तमानपत्रांनी त्याला आणखी मीठमसाला लावला, आणि पुढे १९५३ साली मार्लन ब्रँडो यांचा 'द वाइल्ड वन' हा चित्रपट त्याच घटनेवरून निघाला. तेव्हापासून तिकडे मोटारसायकलस्वार म्हणजे गुंड अशी समजूत घट्ट बसली. ज्याला पाहून आयाबाया मुलाला आत ओढतात, त्याच माणसाने हँडलला बाहुली बांधून यावे, या दृश्यात लोकांना थांबवून पाहायला लावण्याची ताकद होती. स्वारांना आपले नाव धुऊन काढायचे होते आणि संस्थांना खेळणी हवी होती. यात कुणाचा स्वार्थ नव्हता असे आम्ही म्हणत नाही. तो होता म्हणूनच ही गोष्ट टिकली, असे आमचे मत आहे.

आज हा प्रकार अनेक देशांत रूढ आहे. दक्षिण आफ्रिकेत नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी निरनिराळ्या शहरांतून एकाच दिवशी फेऱ्या निघतात. ऑस्ट्रेलियात त्या डिसेंबरात, म्हणजे त्यांच्या ऐन उन्हाळ्यात, निघतात. इंग्लंडमध्ये ईस्टरच्या सुमारास चॉकलेटची अंडी घेऊन स्वार निघतात, म्हणून तिकडे 'एग रन' म्हणतात. अमेरिकेतील 'राइड फॉर किड्स' ही फेरी जराशी वेगळी आहे. १९८४ साली अटलांटा येथे माइक आणि डायन ट्रेनर या दांपत्याने ती सुरू केली. यात खेळणी नाहीत. मुलांना मेंदूच्या गाठी होतात, त्यांवरील संशोधनासाठी पैसा जमवायचा, हा हेतू. प्रत्येक स्वार आपल्या ओळखीच्या लोकांकडून देणगी गोळा करतो आणि ती भरली की त्या दिवशीच्या फेरीत सामील होतो. आजारातून उठलेली किंवा उपचार घेत असलेली मुले त्या दिवसाची मानकरी असतात, त्यांना 'स्टार' म्हणतात. फेरीनंतरच्या सभेत इतरांनी त्यांच्यावर भाषणे करण्याऐवजी तीच मुले आपल्याविषयी बोलतात. १९९१ साली याच कामासाठी एक कायमस्वरूपी प्रतिष्ठान स्थापन झाले.

असो. आता त्या ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाकडे वळू.

वीस मोटारसायकली आहेत असे धरा. जाऊन-येऊन १८० किलोमीटरचा प्रवास. ओझे आणि घाट लक्षात घेता लिटरला ४५ किलोमीटर धरले तर एका गाडीला ४ लिटर, वीस गाड्यांना ८० लिटर. भाव लिटरला १०० रुपये धरला तरी ८,००० रुपये झाले. तीस माणसांचा चहा-नाश्ता-जेवण माणशी २०० रुपये, म्हणजे आणखी ६,०००. एकूण १४,००० रुपये केवळ जाण्यायेण्याला. आता मोटारसायकल किती वाहणार? मागे माणूस बसला असेल तर आठ-दहा किलोंच्या वर ओझे बांधणे धोक्याचे. वीस गाड्यांनी मिळून दोनशे किलो माल नेला, तो एका लहान टेंपोने निम्म्याहून कमी खर्चात गेला असता. तेव्हा मालवाहतूक म्हणून पाहिले तर हा व्यवहार साफ तोट्याचा आहे. ज्येष्ठ सभासदांचे गणित शंभर टक्के बरोबर आहे.

पण त्या गणितात एक गृहीत धरलेले आहे. ते असे की, फेरी काढली नाही तर ते १४,००० रुपये मुलांकडे जातील. आमचा बँकेतील अनुभव असा की ते जात नाहीत. रविवारी गाडी काढून फिरायला जाणारा तरुण गाडी काढणारच. तो महाबळेश्वरला जाईल, लोणावळ्याला जाईल. पेट्रोलचा पैसा हा त्याच्या हौसेचा पैसा आहे, दानाचा नव्हे. खेळण्यांच्या फेरीची युक्ती हीच की हौस तर होणारच आहे, तिच्या गळ्यात देणगीची घंटा बांधायची. म्हणून ज्या फेऱ्या नीट चालतात तिथे सहभागाचे शुल्क वेगळे, आणि त्यातला पैसा पेट्रोलकडे वळत नाही. स्वाराने पेट्रोल आपल्या खिशातून घालायचे, जेवण आपल्या खिशातून करायचे आणि वर देणगी भरायची. फेरी पाहून दुकानदार, कारखानदार काही देतात, तो आणखी निराळा लाभ. हा नियम मोडला आणि जमलेल्या वर्गणीतून पेट्रोल भरले गेले, की त्या क्षणी ती फेरी मुलांच्या खर्चाने काढलेली सहल होते. विद्यार्थी मित्रांनी दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी चालेल, पण दोन वहीखाती ठेवावीत. एक हौसेचे, एक मुलांचे.

याहूनही मोठी गोष्ट वाटपाची आहे. टॉइज फॉर टॉट्सची खेळणी जमविणारे वेगळे आणि घरोघर पोचविणारे बहुधा वेगळे असतात. गोळा झालेला माल स्थानिक समाजकल्याण संस्थांकडे जातो. वय पाहून, मुलगा की मुलगी, घरात किती भावंडे, हे पाहून वाटप होते. पुष्कळ ठिकाणी खेळणे आईबापांच्या हाती दिले जाते आणि मुलाला ते आईबापांकडून मिळते. देणारा कोण होता, हे मुलाला कधीच कळत नाही. स्वारांची जत्रा मैदानात होते, बँड वाजतो, गाड्या पाहायला लोक येतात. मुलाचा सण मात्र मुलाच्या घरी होतो. या दोहोंत अंतर ठेवलेले आहे.

आपल्याकडे नेमके उलटे चालते, आणि ते आम्ही आतून पाहिलेले आहे. आठवी ते दहावी आम्ही एका वसतिगृहात काढली. वर्षातून तीन-चार वेळा 'पाहुणे' येत. सकाळी सहाला उठवून आवार झाडून घेत, मग धुतलेला गणवेश, मग रांग. पाहुणे अकराला येणार म्हणजे दीडला येत. तोवर उन्हात उभे राहायचे. मग स्वागतगीत, हारतुरे, पाहुण्यांच्या पाहुण्यांचे हारतुरे. एकेका मुलाचे नाव पुकारून व्यासपीठावर बोलवीत. वही हातात द्यायची, पण सोडायची नाही, कारण छायाचित्रकाराची तयारी व्हायची असे. दोन हात वहीला, चार डोळे कॅमेऱ्याकडे. एकदा फिल्म संपली म्हणून सात-आठ जणांना वही परत देऊन पुन्हा घ्यायला लावले होते. वह्या चांगल्या होत्या, त्या कामाला आल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या वह्यांच्या मुखपृष्ठावर देणाऱ्याचे नाव आणि त्याखाली 'गरीब व होतकरू विद्यार्थ्यांस सप्रेम भेट' असे छापलेले असे. ती वही वर्गात बाकावर उघडताना आम्ही मुखपृष्ठ आत दुमडून घेत असू. आमच्या सभासदांपैकी किती जणांनी असे मुखपृष्ठ दुमडले असेल, ते त्यांनी स्वतःला विचारावे.

म्हणून आमच्या बँकेतील काही तरुण सहकाऱ्यांनी नाशिकहून सुरगाणा तालुक्यातील एका निवासी शाळेत जाण्याचे ठरविले आणि आम्हांसही गळ घातली, तेव्हा आम्ही एकच अट घातली, ती म्हणजे आधी विचारायचे. अधीक्षकांना दूरध्वनी केला. "आम्ही काय आणू?" ते म्हणाले, "जे आणाल ते चालेल, साहेब." असे उत्तर आले की समजावे, या माणसाला आजवर कुणी विचारलेलेच नाही. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा विचारले. मुलांनाच विचारा म्हणून सांगितले. आठवड्याने यादी आली, तीत पहिली वस्तू होती कुलपे!

आम्ही बुचकळ्यात पडलो. मग उलगडा झाला. निवासी शाळेतील प्रत्येक मुलाजवळ घरून आणलेली एक पत्र्याची पेटी असते. कपड्यांची दुसरी जोडी, साबण, खोबरेल तेलाची बाटली, घरून आलेले थोडेसे पैसे, एखादे पत्र, एखादा फोटो, असे त्या मुलाचे सर्व जग त्या पेटीत. शंभरावर मुले एका छताखाली झोपतात, आणि बहुतेकांच्या पेट्यांना कुलूप नाही. साबण जातो, पैसे जातात, मग संशय, मारामाऱ्या. कोणत्याही खेळण्याच्या दुकानात न मिळणारी ही मागणी होती. ११८ मुले होती. घाऊक बाजारातून ११८ कुलपे घेतली, प्रत्येकाला दोन किल्ल्या. एक किल्ली मुलाकडे, दुसरी क्रमांकाची चिठ्ठी बांधून अधीक्षकांच्या कपाटात. सगळा खर्च आठ हजारांच्या आत झाला. यादीत याशिवाय व्हॉलीबॉलची जाळी, कॅरमच्या सोंगट्या, मोठ्या मुलींसाठी सॅनिटरी नॅपकिन आणि न्हाणीघराच्या दारांसाठी आतून लावायच्या कड्या होत्या. कड्या बसवायला आमच्यातला एक जण ड्रिल घेऊन आला होता. हा सर्व माल एकाच्या चारचाकीतून पुढे गेला. मोटारसायकलींवर फक्त माणसे आणि त्यांचे डबे.

जानेवारीतला दुसरा शनिवार, म्हणजे बँकेला सुट्टी. सोळा गाड्या, बावीस माणसे. दिंडोरीपर्यंत द्राक्षांचे मळे, वणीला चहा, समोर सप्तशृंगीचा डोंगर, मग घाटाची वळणे. सुरगाणा नाशिकपासून नव्वदएक किलोमीटर, पण अखेरच्या टप्प्यात घाई करून चालत नाही. गाड्या शाळेच्या आवाराबाहेर लावल्या. स्वागत नको, हार नको, रांग नको, हे आधीच कळविले होते. वाटप आमच्यापैकी कुणीच केले नाही. संध्याकाळी वर्गशिक्षकांनी आपापल्या वर्गात कुलपे दिली आणि त्या वेळी आम्ही मैदानात होतो. रात्रीचा मुक्काम शाळेत न करता गावातील समाजमंदिरात केला. मुले जिथे झोपतात तिथे परक्या माणसांनी रात्री असू नये, मग ती माणसे कितीही भली असोत.

तुम्ही म्हणाल, मग तुम्ही तिथे जाऊन केले तरी काय? प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांचे खेळांचे सामने होते, कबड्डी, लंगडी, धावण्याची शर्यत. आम्ही प्रेक्षक होतो. टाळ्या वाजवायला वीस-बावीस माणसे मुद्दाम नव्वद किलोमीटरवरून आली, याचे मुलांना अप्रूप वाटले. मुलांनी आम्हांला लंगडीत ओढले आणि आमची जी दशा केली तिचे वर्णन येथे करीत नाही. पण खरी गंमत सामन्यांनंतर झाली. आठवीतला एक मुलगा गाडीच्या साखळीपाशी उकिडवा बसून पुढच्या चक्राचे दात मोजत होता. आमच्यातल्या गॅरेज चालविणाऱ्या मित्राने ते पाहिले आणि साखळीवरचे झाकण उघडून दिले. पुढे १४ दात, मागे ४२. "मग पुढचे किती वेळा फिरले की मागचे एकदा फिरेल?" मुलाने क्षणभर विचार करून सांगितले, "तीन." पाहता पाहता पन्नास मुले जमली. स्पार्क प्लग काढून दाखविला, ठिणगी कुठे पडते ते दाखविले, घाटात चढताना खालचा गिअर का लागतो ते साखळीवरूनच समजावले. विज्ञानाच्या पुस्तकातील यंत्राचे प्रकरण अंगणात तास-दीड तास चालले. आम्हांला वाटते, त्या दोन दिवसांत मोटारसायकलीचा खरा उपयोग तेवढाच झाला, आणि तो टेंपोने झाला नसता.

एका मुलीने आम्हांस विचारले, "काका, ही हप्त्यावर घेतली का?" हा आमचाच प्रांत! जमिनीवर काडीने आकडे लिहिले. ८०,००० रुपये कर्ज, शेकडा १० व्याज, तीन वर्षे. महिना हप्ता सुमारे २,५८१ रुपये. छत्तीसने गुणा. तिने गुणाकार केला, त्यातून ८०,००० वजा केले आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, "म्हणजे साडेबारा हजारांच्या वर नुसते व्याज?" १२,९०० च्या आसपास, आम्ही म्हटले. तिने नाक मुरडले. तिच्या वडिलांना कुणीतरी अशीच गाडी घ्यायचा आग्रह करीत होते, असे नंतर कळले. शेकडा १० चे व्याज कमी होत जाणाऱ्या शिलकीवर आणि शेकडा १० चे सरळ मूळ रकमेवर, यांत किती फरक पडतो, हेही तिला दाखविले. दुसऱ्या प्रकारात व्याज २४,००० होते. ती ते आकडे वहीत उतरवून घेऊन गेली. जेवणाचे डबे आम्ही नेले होते, तरी स्वयंपाकघरातल्या मावशींनी नागलीची गरम भाकरी आणि ठेचा पानात वाढलाच. तिथे मात्र आमचे नियम चालले नाहीत.

विद्यार्थी मित्रांनी अशी फेरी काढायची ठरविलीच, तर काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. रस्त्यावर गाड्या जोडीने चालवू नयेत. एक डावीकडे, पुढची उजवीकडे, अशा तिरप्या ओळीत, पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचे अंतर ठेवून चालाव्यात, आणि वळणांवर एकेरी ओळ करावी. सर्वांत पुढे रस्ता जाणणारा, सर्वांत मागे गाडी दुरुस्त करू शकणारा. मधल्या कुणी शर्यत लावली तर त्याला पुढच्या वेळी बोलावू नये. हेल्मेट चालविणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही कायद्याने सक्तीचे आहे, आणि मागे एकच माणूस. मुले "काका, एक चक्कर" म्हणून मागे लागतात. कितीही मोह झाला तरी आवाराबाहेर चक्कर मारू नये. चार वर्षांवरील मुलालाही हेल्मेट लागते, ते तुमच्याजवळ नसते आणि पडले तर आयुष्यभराचे होते. अकरावी-बारावीतल्या ज्या मुलांना अठरा पूर्ण झालेली नाहीत, त्यांनी गिअरची गाडी चालविण्याचा प्रश्नच येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालविल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीचा विमा चालू आहे ना, हे निघण्याआधी प्रत्येकाच्या कागदावर पाहावे, तोंडी विश्वास ठेवू नये.

खेळणी न्यायचीच असली तर नवी न्यावीत आणि त्यांवर आयएसआय खूण पाहून घ्यावी. १ जानेवारी २०२१ पासून ती आपल्याकडे सक्तीची आहे. बटणासारख्या चपट्या बॅटरीची खेळणी लहान मुलांना देऊ नयेत, गिळल्यास अन्ननलिका जळते. एकाला मोटार आणि दुसऱ्याला फुगा असे करू नये. शंभर मुलांत ऐंशी खेळणी नेण्यापेक्षा दोन चांगले फुटबॉल बरे.

छायाचित्रांबद्दल. बालगृहातील, म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख पटेल असे छायाचित्र किंवा नाव प्रसिद्ध करणे हा २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाखाली गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. साध्या वसतिगृहाला हे कलम लागू होत नसेल, पण त्या मुलालाही मुखपृष्ठ दुमडण्याची वेळ येऊ शकते. आमच्या त्या फेरीची जी छायाचित्रे आहेत, त्यांत साखळी आहे, काडीने लिहिलेले आकडे आहेत आणि लंगडीत पडलेले आम्ही आहोत.

पैशाची पावती घ्यावी आणि द्यावी. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, हे विचारण्यात अपमान कुणाचाच नाही. जुन्या पद्धतीने आयकर विवरण भरणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, दोन हजारांहून अधिक रोख देणगीवर सवलत मिळत नाही आणि वस्तुरूपाने दिलेल्या देणगीवरही मिळत नाही. तेव्हा रक्कम मोठी असेल तर ती बँकेतून संस्थेच्या खात्यावर भरावी आणि वस्तू संस्थेनेच घ्याव्यात. आणि परत आल्यावर दोन्ही खाती, हौसेचे व मुलांचे, सर्व सभासदांना वाचून दाखवावीत. त्या ज्येष्ठ सभासदांना पहिल्या रांगेत बसवावे.

राहिला काळ. पावसाळ्यात घाटात दरडी आणि चिखल. दिवाळीत निवासी शाळा रिकाम्या असतात, मुले घरी गेलेली असतात, पाहुणे मात्र नेमके तेव्हाच मोकळे असतात. मार्चपासून परीक्षा. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला देणाऱ्यांची इतकी गर्दी की एकाच मुलाला तीन दप्तरे मिळतात आणि फेब्रुवारीत कुणी फिरकत नाही. नोव्हेंबरचा अखेर ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात बरा हंगाम. अधीक्षकांना तीनदा विचारावे लागते, मुलांना यादी करायला वेळ लागतो आणि कुलपे घाऊक मिळवायलाही पंधरा दिवस जातात. म्हणून पहिला दूरध्वनी सप्टेंबरातच करावा.